लाल रेघेच्या आतलं घर

"ओ मॅडम... हे तुमचं काय उडून आमच्या मागावर येऊन पडलंय बघा!"

मी गल्लीच्या कोपऱ्यावर एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात वारा मोजायचं यंत्र धरून उभी होते. छत्री केव्हाच उलटी झाली होती. श्रावणातला बेळगावी पाऊस – पडतोय म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर अंगावरचं सगळं ओलं. वळून पाहिलं, तर विणकरांच्या पत्र्याच्या शेडच्या दारात एक तरुण उभा. केसांत सुताचे बारीक तंतू, भुवयांतसुद्धा. आणि त्याच्या बोटांत माझी केशरी फीत, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून मी काठीला बांधलेली.

"अहो, जपून धरा! नाजूक आहे ती –"

"नाजूक?" त्यानं फीत उलटीसुलटी करून पाहिली. "ताण्यात घुसून आमचे धागे तोडलेत हिनं. नाजूक ते होते."

"सॉरी."

"सॉरीनं धागा जुळत न्हाय वो. गाठ मारावी लागतीया." आणि तो हसला. मी त्या हसण्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, हे तेव्हाच कळलं होतं मला. उगाच खोटं कशाला बोला?

मी विनोदिनी. टिळकवाडीतल्या केशवराव वकिलांची एकुलती एक मुलगी. आईच्या मते हट्टी, वडिलांच्या मते वादविवादात त्यांच्याहून वरचढ, आणि माझ्या मते साधीसरळ पर्यावरण अभियंता. मच्छेच्या इंडस्ट्रियल एरियात एक मोठं कोल्ड स्टोरेज आहे. त्यात थंडाव्यासाठी अमोनिया वायू वापरतात. तो कधी गळला तर ढग कुठल्या दिशेनं जाईल, किती लांब पोचेल, कुठल्या घरांना आधी सावध करायला हवं – हे कॉम्प्युटरवर आधीच काढून ठेवायचं, म्हणजे वेळ आली तर धावपळ होणार नाही. ते काम आमच्या ऑफिसकडे आलं होतं. कोल्ड स्टोरेजच्या पश्चिमेला नवी विणकर गल्ली. वडगावच्या जुन्या विणकर पेठेत जागा पुरेना म्हणून काही घरांनी माग इकडे हलवले, त्यांची ही वस्ती.

"म्हंजे टाकी फुटणार हाय व्हय?" त्यानं विचारलं.

"नाही हो. चांगली सांभाळलेली टाकी आहे. पण समजा, एखादा वाल्व निसटला..."

"समजा?"

"आमच्या कामात सगळं 'समजा'नंच सुरू होतं. समजा वाल्व निसटला, समजा तेव्हा पहाट असली, समजा वारा पूर्वेचा असला..."

"असं व्हय!" त्यानं मान डोलावली. "मग समजा, माझ्या आईनं आत चहा टाकलाय. समजा, तुमी भिजलाय. तर ढग कुठल्या दिशेनं जाईल?"

ढग आत गेला. आल्याचा चहा होता.

त्याचं नाव श्रीनाथ. वडील गेल्यापासून चार माग तोच चालवायचा. आई जयाबाई साड्यांना गोंडे बांधायच्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात नाक खुपसायच्या, आणि तरी प्रत्येक घराला त्या हव्याहव्याशा वाटायच्या. मला पाहताच त्यांनी टॉवेल दिला आणि विचारलं, "वारा मोजून पगार देतात व्हय गं? आमच्या गल्लीत तर फुकट असतोय."

यंत्र बसवायला उंच, मोकळं छप्पर हवं होतं. श्रीनाथचं शेड त्याला अगदी योग्य. असं मी ऑफिसात सांगितलं तरी.

त्यानंतर मी आठवड्याला जायला लागले. मग आठवड्यातून दोनदा. शेडमध्ये मागांची खडखड इतकी की बोलणं म्हणजे ओरडणंच. पण अधूनमधून करंट जायचा, आणि एकदम सगळं शांत व्हायचं. पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा. त्या तेवढ्या वेळात आम्ही बोलायचो. पुढे पुढे तर गल्लीत शिरतानाच मी मनात म्हणायचे, देवा, आज जरा करंट जाऊ दे.

एकदा असाच करंट गेलेला. त्यानं माझी केशरी फीत हातात घेतली आणि म्हणाला, "ही जड हाय. हलका वारा हिला कळत न्हाय. हे बांधा." पदरासाठी आणलेल्या रेशमाचा एक लाल धागा त्यानं माझ्यासमोर धरला आणि हळूच फुंकर मारली. धागा उचलला गेला... आणि माझ्या गालाला लागला.

"बघा, श्वासानंबी हलतंय."

"हो," मी म्हटलं. "दिसलं." एवढंच बोलले. मी, जिला घरात कोणी बोलण्यात हरवत नाही!

"एक इचारू?" तो मागाकडे बघत म्हणाला. "छपरावरच्या त्या यंत्रात सिमकार्ड हाय न्हवं?"

"...आहे."

"म्हंजे आकडे आपोआप तुमच्या ऑफिसात जात असणार."

"...जातात."

"मग तुमी काय मोजायला येताय?"

करंट आला. चारही माग एकदम खडखडायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाचे मी मनापासून आभार मानले.

तुळशीचं लग्न झालं आणि वारा फिरला. आमच्याकडे पावसाळ्यात तो पश्चिमेकडून, लोंढ्याच्या रानातून ओलाचिंब होऊन येतो. थंडीत मात्र पूर्वेचा होतो, आणि पहाटे तर जेमतेम हलतो. अशा वेळी जड, गार वायू वर जात नाही, विरत नाही, जमिनीलगत सरपटत राहतो. मी थंडीच्या पहाटेचे आकडे घालून मॉडेल चालवलं. पडद्यावर कोल्ड स्टोरेजपासून पश्चिमेला एक लांबट लाल डाग पसरत गेला. तो गल्लीच्या अलीकडे थांबावा म्हणून मी श्वास रोखून बसले होते.

तो थांबला नाही. जयाबाईंच्या तुळशीवृंदावनावरून पुढे गेला.

पंचायतीच्या सभेत मी नकाशा दाखवला. हिरवा, पिवळा, लाल – मी रंग समजावत होते, पण 'रेड झोन' हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि सभा माझ्या हातातून गेली. लॉकडाऊनमध्ये त्याच शब्दानं लोकांच्या गल्ल्यांना बांबू बांधले होते. कुणी विसरलं नव्हतं.

"म्हंजे आमची घरं पाडणार?" म्हातारे भावकू आण्णा उभे राहिले. सगळी गल्ली त्यांच्या शब्दाला मान द्यायची.

"नाही आण्णा. घरं तिथंच राहणार. फक्त भोंगा वाजला तर तुम्ही आधी बाहेर पडायचं, एवढंच."

"मग लाल कशाला रंगवलंय? दुसरा रंग नव्हता तुझ्याकडं?"

कोणीतरी नकाशाचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो चिकोडीला पोचला होता, आणि चिकोडीहून जयाबाईंना फोन आला होता.

हे मला दोन दिवसांनी कळलं. गेले, तर शेडमध्ये माग बंद. जयाबाई दारातच बसलेल्या, चहाचं नाव नाही.

"पोरी, चांगलं स्थळ आलतं गं. श्रीनाथला बघायला येणार होते. तुझा नकाशा बघून म्हणाले, लाल घरात पोरगी देत न्हाय आम्ही."

स्थळ? मला कुणी सांगितलंच नव्हतं. छातीत काहीतरी टोचलं, आणि दुसऱ्याच क्षणी स्थळ मोडलं म्हणून गार वाटलं, आणि मग दोन्हींची लाज वाटली.

"तेवढी रेघ जरा सरकव की," त्यांनी माझा हात धरला. आवाज खाली गेला. "जास्त न्हाय. आमच्या दाराच्या अल्याड. कुणाला कळतंय? त्याचा बाप गेल्यापासनं पोरगं मागाला जुंपलंय. त्याचं लग्न तेवढं बघायचं राहिलंय माझं."

मी 'बघते' म्हटलं. आणि खरंच बघितलं.

ऑफिसात दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी वाऱ्याचा वेग थोडासा वाढवला. जोराचा वारा वायूला लवकर पातळ करतो. लाल डाग आखडला... आणि बरोबर जयाबाईंच्या दाराच्या अलीकडे थांबला. किती सोपं होतं! एक आकडा. कुणाला कळलंही नसतं. श्रीनाथची आई पुन्हा हसली असती, मला पुन्हा चहा मिळाला असता, आणि –

आणि थंडीच्या पहाटे जयाबाई नेहमीसारख्या अंगणात सडा घालत असत्या. त्यांना सावध करायला कुणीच आलं नसतं, कारण माझ्या नकाशात त्यांचं घर लाल रेघेबाहेर असतं.

मी जुना आकडा परत घातला.

'नाही' सांगायला मी स्वतः गेले. ऐकून जयाबाई आत गेल्या, श्रीनाथला छपरावर पाठवलं, यंत्र उतरवून घेतलं आणि माझ्या हातात ठेवलं. "तुझं काम झालं न्हवं? ने मग."

श्रीनाथ बसस्टॉपपर्यंत यंत्र घेऊन आला. त्यानं ते साडीच्या एका उरलेल्या तुकड्यात गुंडाळलं होतं, ओरखडे पडू नयेत म्हणून.

"रागावलात?" मी विचारलं.

"आईच्या तोंडाकडं बघून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?" तो थांबला. "सरकवता आली असती व्हय रेघ?"

"आली असती. सरकवून बघितली मी."

"मग?"

"मग तुमच्या आईला पळा म्हणून कोण सांगणार होतं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. असं की माझी नजर आपोआप रस्त्याकडे वळली.

"मग न्हायच सरकवायची," तो म्हणाला. "आणि त्या स्थळाचं म्हणाल तर... आईनंच ठरवलं होतं सगळं. मी न्हायच म्हणणार होतो. तुमच्या नकाशानं माझं बोलणं वाचवलं."

"का नाही म्हणणार होतात?"

"समजा..." त्यानं यंत्रावरचं फडकं उगाच नीट केलं. "समजा, एखादी मुलगी हाय. शिकलेली. टिळकवाडीतली. ती येईल का वो लाल रेघेच्या आत?"

बस येताना दिसत होती. उत्तर माझ्या ओठांवर होतं... आणि मी काय बोलावं? "ते वारा कुठला आहे त्यावर अवलंबून आहे."

बसमध्ये बसल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. कंडक्टरनं विचारलं, काय मॅडम, सुट्टे न्हाईत?

जानेवारीत सरावाचा दिवस ठरला. खराखुरा वायू नाही, नुसता भोंगा. पण लोकांनी खरं समजून बाहेर पडायचं, आणि तहसीलदार बघणार. पहाटेच पोचले. धुकं होतं, ओठ फुटावेत अशी थंडी. गल्लीत शिरले आणि पाय थांबलेच.

प्रत्येक दाराच्या चौकटीला लाल रेशमाचा एकेक धागा बांधलेला होता. सगळे धागे सावकाश पश्चिमेकडे झुकत होते.

"श्रीनाथनं बांधलेत," भावकू आण्णा घोंगडं सावरत म्हणाले. "दारोदार फिरून शिकवलंय. सूत जिकडं झुकतंय तिकडं धावायचं न्हाय, त्याच्या आडवं धावायचं. ओलं फडकं नाकाला. पोरांना तर पाठ झालंय. पण..." त्यांनी शेवटच्या घराकडे बोट केलं. "तिचं काय करतीस बघ. ती न्हाय उठली तर बायका न्हाय उठायच्या. आणि बायका न्हाय उठल्या तर आमी काय एकटं पळू व्हय?"

भोंगा वाजला. दारं उघडली, माणसं उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली. सगळ्यांच्या नजरा शेवटच्या घराकडे. जयाबाई दारात पाटावर बसल्या होत्या. समोर गोंडे बांधायची साडी. मान वर नाही.

श्रीनाथ उत्तरेच्या माळावर, जमायच्या जागी उभा होता, आलेल्यांना मोजायला. इथं मी एकटीच होते. मी धावत गेले.

"काकू, उठा ना. सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

"मी कशाला उठू? माझं घर लाल. लालमध्येच बसते मी."

"हा राग माझ्यावर काढा. गल्लीवर नको. उद्या खरंच काही झालं तर आज शिकलेलंच उपयोगी पडणार."

"तुझ्यावर काढून काय मिळणार मला?" त्यांनी गोंडा हातातून टाकला. डोळे भरून आले होते. "मरणाला भीत न्हाय गं मी. पोराचं घर ओस राहील म्हणून भिते. कोण पोरगी देतंय सांग लाल घरात? तुझा बाप देईल व्हय?"

भोंगा चालूच होता. मी त्यांच्यासमोर खाली, सडा घातलेल्या ओल्या जमिनीवर बसले. बसस्टॉपवर अडकलेलं उत्तर असं बाहेर येईल, तेही त्याच्या आईसमोर, वाटलं नव्हतं.

"वडील युक्तिवाद करतील काकू. जातीचा, शिक्षणाचा, सगळा. जिंकणार मीच. पण त्यांनी दिली नाही तरी मी येईन. मला तुमचा मुलगा आवडतो... खूप आवडतो. यंत्रात सिमकार्ड होतं, तरी मी येत होते."

जयाबाईंनी डोळे पुसले.

"लाल घर हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तूच रंगवलंयस."

"म्हणून तर भीती नाही. कधी धोका आहे आणि कधी नाही, ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"थंडीत पहाटे सडा कोण घालणार?"

"मी घालीन. आधी सूत बघून."

"गोंडे बांधायला येतात?"

"नाही."

"शिकशील?"

"शिकेन. पण आत्ता उठा, काकू!"

त्या उठल्या. अशा उठल्या की पाटच उलटा झाला. बादलीतल्या पाण्यात पदर बुडवला, पिळला आणि पहिल्यांदा माझ्या नाकाला लावला. "मग बसलीयस काय, येडे? सुनेला काय झालं म्हंजे परत स्थळं कुठं शोधत फिरू?" आणि गल्लीकडे तोंड करून भोंग्याच्या वर आवाज चढवला, "ए भावकू आण्णा, सुवर्णा, बघालायसा काय? सुताला आडवं! चला!"

अख्खी गल्ली हलली. धुक्यातून ओल्या फडक्यांची रांग उत्तरेकडे निघाली. जयाबाईंचा हात माझ्या मनगटाभोवती घट्ट होता, सुटायला नको म्हणून की पळून जायला नको म्हणून, कोण जाणे.

माळावर श्रीनाथ शिटी गळ्यात अडकवून उभा होता. आईला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला; मग तिच्या हातातलं माझं मनगट दिसलं, आणि तो जरा गोंधळला.

"आलीस न्हवं आई? समदी आली?"

"आले. आणि हिला घेऊन आले." जयाबाईंनी मला त्याच्यासमोर उभं केलं. "मुहूर्त बघायला लाग."

"कशाचा मुहूर्त?"

"भोंगा वाजवायचा! कशाचा म्हंजे? लग्नाचा रं!"

मागे सुवर्णाक्का पदरात तोंड घालून हसल्या. श्रीनाथनं माझ्याकडे पाहिलं. भुवयांत सुताचे तंतू होतेच, त्यावर आता दवही होतं. "समजा..." तो म्हणाला. "समजा, आईनं हे खरं..."

"समजा नाही," मी म्हटलं. नाकावरचा ओला पदर काढला. "माझ्या कामात तेवढं पुरे झालं. हे खरंच आहे."

तो हसला फक्त, पहिल्या दिवशी हसला होता तसंच. या वेळी मी हवा तितका वेळ बघितलं.

"माघातच उरकू," जयाबाई बोटांवर महिने मोजत होत्या. "न्हायतर फाल्गुन..."

"वैशाख धरा काकू," मी म्हटलं. "वैशाखात वारा पश्चिमेचा असतो. माणसं मांडवात असताना आपलं घर रेघेच्या बाहेर असेल."

जयाबाईंची बोटं थांबली. श्रीनाथ एक पाऊल पुढे आला.

"कुणाचं घर?" त्यानं हळूच विचारलं.

"आपलं," मी म्हणाले.